न सांगता दारू सोडवावी का?

बसस्थानकाच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर, कधी रिक्षाच्या पाठीमागे एक छोटी जाहिरात चिकटवलेली असते. दारू सोडवा, पिणाऱ्याला न सांगता. खाली मोबाइल नंबर. फोन केला की सांगतात, पुडी चहात, डाळीत नाहीतर भाजीत मिसळा, चव लागत नाही, वास येत नाही, पंधरा-वीस दिवसांत माणूस दारूचे नाव काढणार नाही. आपल्या वस्त्यांतल्या भगिनी आम्हाला आरोग्याचे जे प्रश्न विचारतात, त्यांत या पुडीचा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. मात्र 'द्यावी का' असे कुणी फारसे विचारत नाही. 'कितीला मिळते' आणि 'किती दिवस द्यायची' एवढेच विचारणे असते.

आमचे उत्तर 'देऊ नका' असे आहे. पण नुसते एवढे सांगून आम्ही मोकळे झालो, तर ते बरोबर होणार नाही. तांदळाच्या डब्यात पुडी लपवणारी बाई कपटी नसते. नवऱ्याचा पगार गुत्त्यावर जातो, रात्री मार खावा लागतो, मुलाची फी थकलेली असते, आणि हे सगळे दहा वर्षे चाललेले असते. तिला कुणीतरी पहिल्यांदाच सांगितलेले असते की उपाय आहे आणि तो तुझ्या हातात आहे. म्हणून त्या पुडीत काय असते, ते शरीरात आणि मेंदूत काय करते, आणि माणसाला न कळवता त्याची सवय बदलण्याचा हक्क कुणाला आहे का, हे तिन्ही प्रश्न नीट पाहू.

पुडीत काय असते? खरे उत्तर असे की विकणारा सोडून कुणालाच माहीत नसते, आणि पुष्कळदा त्यालाही नसते. पाकिटावर घटक लिहिलेले नसतात, बनवणाऱ्याचा पत्ता नसतो. काही वेळा ती नुसती झाडपाल्याची भुकटी असते, म्हणजे पैसे वाया. भीती दुसऱ्या शक्यतेची आहे. तिच्यात डायसल्फिरॅम नावाचे औषध कुटून घातलेले असू शकते. काही घरांत तर पुडीऐवजी ओळखीच्या मेडिकलमधून याच गोळ्या आणून, बारीक करून भाजीत घालतात.

डायसल्फिरॅम हे खोटे औषध नाही. मानसोपचारतज्ज्ञ ते रोज वापरतात. त्याचा शोध गमतीशीर आहे. अमेरिकेत रबराच्या कारखान्यातील कामगारांना दारू प्यायल्यावर विचित्र त्रास होतो, हे १९३०च्या दशकातच एका डॉक्टरांच्या लक्षात आले होते, कारण रबर तयार करताना याच जातीचे रसायन वापरतात. पुढे डेन्मार्कमधील एरिक याकोबसेन आणि येन्स हाल्ड हे दोघे या रसायनाचा जंतांवर उपयोग होतो का ते पाहत होते. त्यांनी गोळ्या आधी स्वतः घेऊन पाहिल्या. जंतांचे राहिले बाजूला, दारूचा घोट घेतला की दोघांना मळमळायला लागले, चेहरा तापायला लागला. १९४८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि दारू सोडवण्याचे एक औषध जगाला मिळाले. त्या दोघांनी काय घेतले हे त्यांना माहीत होते, म्हणून त्रासाचे कारणही ते ओळखू शकले. डाळीतून औषध गेलेल्या माणसाला ही सोय नसते.

आता ते काम कसे करते. दारू पोटात गेली की यकृत तिचे आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी पदार्थात रूपांतर करते आणि लगेच पुढच्या पायरीवर त्या विषाचा निचरा करते. डायसल्फिरॅम ही दुसरी पायरी अडवते. मग विष रक्तात साठते. दारू घेतल्यावर दहा मिनिटे ते अर्ध्या तासात तोंड लाल होते, डोके ठणकते, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब खाली येतो. निरोगी माणूस यातून बहुधा सावरतो. पण ज्याचे हृदय किंवा यकृत आधीच कमजोर आहे, आणि वर्षानुवर्षे पिणाऱ्याचे ते असतेच असे धरून चालावे, त्याच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात, झटका येऊ शकतो, मृत्यूही होऊ शकतो. म्हणून शेवटच्या पेल्यानंतर निदान बारा तास गेल्याशिवाय हे औषध सुरूच करत नाहीत. आधी यकृताची तपासणी करतात. आणि औषधाच्या माहितीपत्रकावर स्पष्ट इशारा असतो की नशेत असलेल्याला किंवा ज्याला पूर्ण कल्पना दिलेली नाही अशाला हे औषध कधीही देऊ नये.

आणखी एक गोष्ट आपल्या वस्त्यांत विशेष लक्षात ठेवायची. क्षयाचे औषध चालू असलेल्या माणसाला हे मिसळून दिले, तर त्यातल्या आयसोनियाझिडबरोबर त्याची टक्कर होऊन तोल जाणे, वागण्यात बदल होणे असे त्रास होऊ शकतात. जुलाबावर सर्रास दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडॅझोलबरोबर तर भ्रम होऊन माणूस वेड्यासारखा वागू लागतो. डॉक्टर विचारतात, काय काय औषधे चालू आहेत. माणूस खरेपणाने सांगतो, 'काही नाही.' डॉक्टरही त्यावर विश्वास ठेवून चिठ्ठी लिहितात. खोकल्याचे काही पातळ औषध, आयुर्वेदातली आसवे आणि अरिष्टे, यांतही थोडी दारू असते. ज्याला आपल्या पोटात काय आहे हे ठाऊकच नाही, त्याने यापासून जपायचे कसे?

औषध बंद केल्यावरही त्याचा परिणाम पंधरवड्यापर्यंत राहू शकतो, हे पुडी विकणारा सांगत नाही.

इथे एक शास्त्रीय गोष्ट अशी आहे की ती आम्हाला या सगळ्या विषयाच्या मुळाशी वाटते. डायसल्फिरॅमवर जगभर पुष्कळ चाचण्या झाल्या. काही चाचण्यांत रुग्णाला आपण खरे औषध घेतोय की नुसती गोळी, हे कळू दिलेले नव्हते. काहींत त्याला सगळे माहीत होते. २०१४ साली संशोधकांनी अशा बावीस चाचण्या एकत्र तपासल्या. जिथे माणसाला माहीत होते तिथे औषधाचा फायदा दिसला. जिथे माहीत नव्हते तिथे खऱ्या औषधात आणि नुसत्या गोळीत फरक पडला नाही. म्हणजे हे औषध रक्तात जेवढे काम करते त्याहून जास्त काम ते माणसाच्या निश्चयात करते. सकाळी गोळी घेतली की 'आज प्यायलो तर मरेन' हे पक्के होते, आणि दिवसभराची ओढाताण एका क्षणात संपते. न सांगता दिलेल्या औषधातून हा भाग गायब होतो. उरतो फक्त धोका.

उलट बाजूही आपल्या महाराष्ट्रातच तपासली गेली आहे. मुंबईत डॉ. अविनाश डिसूझा आणि डॉ. अ‍ॅलन डिसूझा यांनी दारूच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या शंभर पुरुषांचा वर्षभर पाठपुरावा केला आणि २००४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्यांना डायसल्फिरॅम, निम्म्यांना नाल्ट्रेक्सोन हे दुसरे औषध. कोण काय घेतोय हे सगळ्यांना माहीत होते, आणि प्रत्येकाच्या घरातले एक माणूस गोळीकडे लक्ष द्यायला होते. वर्षअखेरीस डायसल्फिरॅम घेणाऱ्यांपैकी ८६ टक्के दारूपासून दूर राहिले होते, नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के. ज्यांच्या घरी असे पाठीशी उभे राहणारे माणूस नाही, त्यांच्यात हेच आकडे येतील असे कुणी समजू नये. पण बायकोच्या हातून गोळी घेणे हा उपाय चालतो, फक्त ती गोळी समोरासमोर, पाण्याच्या ग्लासाबरोबर घ्यावी लागते, डाळीतून नाही.

काही जण म्हणतील, व्यसनी माणसाला काय विचारायचे? त्याचा मेंदूच त्याच्या ताब्यात नाही. हल्ली शिकलेली मंडळीही 'डोपामाइन' हा शब्द वापरून हेच सांगतात. तर हे डोपामाइन प्रकरण थोडे समजून घेऊ. १९९०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइनच्या पेशींचे काम मोजले. माकडाला फळाचा रस दिला की त्या पेशी जाग्या होत. मग रसाच्या आधी एक दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांनी त्या पेशी रसाला नव्हे, दिव्यालाच जाग्या होऊ लागल्या. दिवा लागला आणि रस मिळाला नाही, तर त्या नेहमीपेक्षाही थंड पडत. आपल्याकडचा दिवा म्हणजे संध्याकाळचे सात, पगाराचा दिवस, सातपूर-अंबडची सुटलेली शिफ्ट, चौकातली अंडाभुर्जीची गाडी आणि तिथे उभे असलेले दोन मित्र. त्या माणसाने अजून ठरवलेही नसते तोच मेंदूने घोट मोजलेला असतो. आणि घोट चुकवला की मन इतके खाली पडते की माणूस घरात चिडचिड करतो.

हे कळले की घरच्यांचा राग थोडा कमी व्हावा. तो मुद्दाम छळतो असे दर वेळी नसते. पण 'ताबा कमी झाला' याचा अर्थ 'माणूस संपला' असा होत नाही. तोच माणूस सकाळी आठ वाजता शुद्धीवर असतो, मुलीच्या शाळेची चौकशी करतो, आपल्या हाताने काय होतेय हे त्याला कळत असते आणि पुष्कळदा त्याची लाजही वाटत असते. त्या वेळी त्याला विचारता येते. आपण विहारात पंचशील ग्रहण करतो तेव्हा पाचव्या शीलाचा शेवटचा शब्द 'समादियामि' असतो, म्हणजे मी स्वीकारतो. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि ती 'मी' म्हणून घ्यायची असते. दुसऱ्याच्या वतीने ती घेण्याची सोय ठेवलेली नाही.

कायदाही हेच सांगतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संसदेने केला आणि २९ मे २०१८ पासून तो लागू झाला. दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेले मानसिक त्रास या कायद्यात येतात. माणसाला माहिती समजत असेल, परिणाम कळत असतील आणि आपला निर्णय तो बोलून, खुणेने किंवा इतर कसाही सांगू शकत असेल, तर उपचाराचा निर्णय त्याचा. त्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असे म्हणता येत नाही. पुढे माझी स्थिती बिघडली तर मला कसे उपचार हवेत आणि कसे नकोत, हे शुद्धीवर असताना आधी लिहून ठेवण्याचा हक्कही यात आहे. त्याचा फायदा फार कमी कुटुंबे घेतात.

असा कायदा उगाच झालेला नाही. मेंदूचे शास्त्र हातात आले की काय काय होऊ शकते, हे आपल्या देशाने पाहिले आहे. १९६० आणि ७०च्या दशकांत मद्रासमध्ये डॉ. व्ही. बालसुब्रमण्यम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आक्रमक आणि आवरत नसलेल्या रुग्णांच्या मेंदूतले छोटे भाग शस्त्रक्रियेने निकामी केले. या रुग्णांत मुलेही होती. रुग्ण शांत व्हावा, सांभाळायला सोपा व्हावा, हा उद्देश होता. व्यसनाधीन लोकांवरही अशा शस्त्रक्रिया झाल्या. हे लपूनछपून चाललेले नव्हते, वैद्यकीय मासिकांत छापून येत होते, आणि करणारे लोक वाईट होते असेही आम्हाला म्हणायचे नाही. पण 'सांभाळायला सोपा' हे शब्द जरा थांबून वाचा. कुणाला सोपा? रुग्णाला की सांभाळणाऱ्याला? आजच्या कायद्याप्रमाणे अशी शस्त्रक्रिया रुग्णाच्या स्वतःच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय आणि राज्याच्या मंडळाच्या मंजुरीशिवाय करता येत नाही.

आतापर्यंत घरातली गोष्ट झाली. पण न विचारता सवय बदलण्याचे काम सरकार आणि कंपन्याही करतात, आणि तिथे उत्तर एवढे सरळ नाही.

मुंबईच्या वडाळा स्थानकाचे उदाहरण घ्या. लोकलच्या रुळांवर आणि गाडीतून पडून मुंबई परिसरात वर्षाला हजारो माणसे मरत असत. २००९ च्या शेवटी रेल्वेने फायनलमाइल या मुंबईच्या कंपनीबरोबर वडाळ्याला एक प्रयोग केला. या लोकांनी आधी मेंदूचे शास्त्र पाहिले. मोठी वस्तू आपल्याकडे येत असली की ती आहे त्यापेक्षा हळू येतेय असे डोळ्यांना वाटते, म्हणून गाडी अजून लांब आहे असे समजून माणूस पाऊल टाकतो. त्यांनी रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले. गाडी एकेक पिवळी पट्टी गिळत येताना दिसली की तिचा वेग खरा कळतो. मोटरमनला एक लांब भोंगा देण्याऐवजी दोन छोटे, तुटक भोंगे द्यायला सांगितले, कारण मधल्या शांततेने मेंदू जास्त दचकतो. आणि लोक जिथून रूळ ओलांडत तिथे एका माणसाच्या चेहऱ्याचे फोटो लावले, गाडी अंगावर येतानाचे, भीतीने ओरडणारे. 'रूळ ओलांडू नका' अशी पाटी वर्षानुवर्षे होती, ती कुणी वाचत नसे. हे चेहरे पाहून पाय थबकू लागले. वडाळ्यातले मृत्यू बरेच कमी झाले आणि हा प्रयोग पुढे इतर स्थानकांवर नेण्यात आला.

रूळ ओलांडणाऱ्या कुणालाही विचारलेले नव्हते. मग हीही डाळीतली पुडीच का? आम्हाला तसे वाटत नाही. पिवळा रंग सगळ्यांसमोर आहे. तो कशासाठी आहे हे ओलांडणाऱ्याला सांगितले तर तो चिडणार नाही, उलट बरे केले म्हणेल, आणि सांगितल्यावरही रंग तेवढेच काम करील. ओलांडायचेच ठरवले तर त्याला कुणी धरून ठेवलेले नाही. पुडीचे गुपित फुटले तर मात्र घरात काय होईल? नवरा बायकोच्या हातचे पाणीही पिणार नाही. एखादी गोष्ट ज्याच्यावर केली त्याला नंतर तोंडावर सांगता येईल का, हा प्रश्न आम्ही या विषयात सगळ्यात आधी विचारतो.

तरीही वडाळ्याच्या यशाची एक बाजू आम्हाला खुपते. लोक रूळ का ओलांडतात? डोळे फसतात हे खरे, पण पूल लांब असतो, त्याला पायऱ्या खूप असतात, वस्ती एका बाजूला आणि पाणी, शाळा, बाजार दुसऱ्या बाजूला असतो, हेही खरे. नाशिकरोड आणि देवळालीकडे रुळालगत राहणाऱ्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. रंगाचा डबा स्वस्त, पूल महाग. मेंदूवर काम करणे सोपे पडले की पुलाची मागणी मागे पडते, आणि मेलेल्या माणसाबद्दल 'त्याला सांगूनही कळले नाही' असे बोलायला सगळे मोकळे होतात. शौचालय बांधून न देता उघड्यावर बसणाऱ्याला गुलाबाचे फूल देऊन लाजवणारी गुड मॉर्निंग पथके आपल्या राज्यात होतीच की. लाज ही मेंदूतली फार जोरकस गोष्ट आहे, म्हणूनच ती कुणावर वापरली जाते याचा हिशेब ठेवायला हवा. ती साहेबांच्या बंगल्यावर वापरलेली आम्ही पाहिलेली नाही.

नफ्यासाठी मेंदू ओळखणारे तर आपल्या खिशातच बसले आहेत. बक्षीस दर वेळी न देता मधूनच, अंदाज लागणार नाही असे दिले की प्राणी ते बटण सोडत नाही, हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी पारव्यांवर दाखवले होते. मोबाइलवरची रमी आणि पैशांचे खेळ याच तत्त्वावर बांधलेले असतात. आपल्या पोरांनी त्यात पगार घालवले, काहींनी कर्जे काढली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, हे चांगले झाले. दारूच्या बाबतीत मात्र जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइनसाठी कपाट ठेवायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला होता. त्याला मोठा विरोध झाला. द्राक्षे आपल्या नाशिकची, त्यामुळे शेतकऱ्याच्या हिताची भाषा इथे जास्त बोलली गेली. पण किराणा घ्यायला गेलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर बाटली ठेवणे म्हणजे शुल्ट्झ यांच्या माकडासमोर दिवा लावणे आहे. दारू सोडून सहा महिने झालेल्या माणसाला विचारा, तेल-साखरेच्या रांगेत उभे राहून ते कपाट पाहणे काय असते.

पोलीस आणि मेंदू याबद्दलही दोन ओळी, कारण त्याची झळ आपल्या मुलांना लागू शकते. २००८ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात मेंदूतल्या विद्युत लहरी मोजणाऱ्या चाचणीचा आधार घेऊन शिक्षा दिली होती, त्याची जगभर चर्चा झाली. त्यानंतर ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक या खटल्यात सांगितले की नार्को, लाय डिटेक्टर आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या कुणावरही बळजबरीने करता येणार नाहीत. संशयितालाही आपले मन स्वतःजवळ ठेवण्याचा अधिकार आहे. कुणाला अशा चाचणीसाठी सही करायला सांगितली, तर आधी वकील मागावा.

पुन्हा घराकडे येऊ. दारूच्या बाबतीत मेंदूचे शास्त्र वापरायचेच, तर उघड वापरता येते. सकाळी, तो शुद्धीवर असताना, ज्याचा तो मान ठेवतो अशा एखाद्या माणसाला बरोबर घेऊन बोला. मोठा भाऊ, मामा, बौद्धाचार्य, दारू सोडलेला जुना मित्र, कुणीही. सल्ल्यापेक्षा प्रश्न विचारा. गेल्या महिन्यात काय काय गेले? स्वतःला काय हवे आहे? तो तयार झाला तर शासकीय रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या. डायसल्फिरॅमशिवाय ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन आणि अकाम्प्रोसेट ही औषधेही आहेत, कोणते कुणाला द्यायचे हे डॉक्टर ठरवतील. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरणे, घाम, फिट, भास होणे हे जिवावर बेतू शकते, त्यासाठी औषध लागते. पगाराच्या दिवशी बायकोने किंवा मुलाने कारखान्याच्या गेटवर जाणे, त्याने घरी यायचा रस्ता बदलणे, पैसे थेट बँकेतून घरखर्चाच्या खात्यात वळवणे, हेही मेंदूवरचेच उपचार आहेत, त्याने स्वतः मान्य केलेले. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा मोफत असतात, मराठीतही होतात. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणचे काम अनेक वाचकांना माहीत आहेच. 'व्यसनमुक्ती केंद्र' अशी पाटी लावून माणसाला हातपाय बांधून नेणारे आणि महिनाभर घरच्यांना भेटू न देणारे लोक मात्र टाळा. बांधून ठेवणे, साखळदंड घालणे कायद्याने मना आहे.

तो तयारच झाला नाही तर? तेव्हा त्याच्या मेंदूचे बाजूला ठेवा आणि स्वतःचे आणि मुलांचे पाहा. मारहाण होत असेल तर महिला मदत क्रमांक १८१, तातडीचे असेल तर ११२. सहन करत पुडी घालत राहण्यापेक्षा तक्रार करणे जास्त प्रामाणिक आहे आणि जास्त सुरक्षितही. आणि गल्लीतल्या दुकानाचे करायचे असेल तर आपल्या राज्यातल्या बायकांनी 'आडवी बाटली' करून दाखवलेली आहे. तिथे मतपेटी असते, मोजणी असते, जे होते ते सगळ्यांदेखत होते.

आता ज्या भगिनींनी हे वाचण्याआधीच पुडी किंवा गोळी सुरू केली आहे त्यांच्यासाठी. आजपासून ती बंद करा. पाकीट फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला ठेवा. पुढचे चौदा दिवस त्याने दारू घेतली तर त्रास होऊ शकतो, म्हणून ही गोष्ट त्याच्यापासून लपवून ठेवणे आता शक्य नाही. त्याला सांगावेच लागेल. नशेत असताना सांगू नका. भीती वाटत असेल तर एकटीने सांगू नका, शेजारची मोठी बाई किंवा आशाताईंना घरी बोलवा, नाहीतर सरळ दवाखान्यात डॉक्टरांसमोर सांगा. दारू घेतल्यावर तोंड लाल होऊन छातीत दुखू लागले, दम लागला किंवा चक्कर येऊन पडला, तर १०८ ला फोन करून गाडी बोलवा आणि काय दिले होते ते पहिल्याच वाक्यात सांगा. काय करावे हे ठरत नसेल तर नशामुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६ या दोन्ही ठिकाणी घरच्या माणसांनाही बोलता येते, स्वतः पिणाराच असला पाहिजे असे नाही.